तगरीवरची सहावी अळी

२९ जुलै, मंगळ.
तगरीवर अंडी. तेरा. कोवळ्या पानांवर, फिकट हिरवी, मोहरीपेक्षाही लहान. सकाळी सव्वासातला भिंग लावून मोजली. मग परत मोजली. ओझरला फॅक्टरीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली, एकदा मोजून समाधान होत नाही.
हा तोच हिरवा पतंग. अंधारात येतो, अंडी घालतो, मला तोंड दाखवत नाही. तीन वर्षं मागे लागलोय. पहिल्या वर्षी अळ्या बुलबुलाने नेल्या. दुसऱ्या वर्षी कोष झाला, त्यातून पतंगाऐवजी माश्या निघाल्या. गेल्या वर्षी सगळं रीतसर चाललं होतं, तर नेमकं नांदगावला लग्न. परत आलो तेव्हा खोक्यात रिकामं टरफल.
अंडं, अळी, कोष, पतंग. चार फोटो एका ओळीत पाहिजेत. तीन आहेत. चौथी चौकट तीन वर्षं भिंतीवर मोकळी.
सुनंदा चहा घेऊन आली. "अहो, बघायला आला होतात तेव्हा माझ्याकडे इतकं निरखून बघितलं नव्हतं."

१ ऑगस्ट, शुक्र.
अकरा फुटल्या. दोन अंडी काळी पडली, रिजेक्ट. अळी चार मिमी, शेपटाला केसासारखं काळं शिंग. जन्मल्या जन्मल्या स्वतःचं टरफल खाते. नंबर दिले: त-१ ते त-११. सु. म्हणते नावं ठेवा. नंबरच बरे. नाव ठेवलेलं मेलं की वाईट वाटतं.
बाहेरच्या दिव्याजवळ सकाळी पतंग: राखाडी ३, वाळक्या पानासारखा १. पाल पोट भरून कोपऱ्यात. फोटो ४०, ठेवण्यासारखे २.

४ ऑगस्ट, सोम.
श्रावणी सोमवार. सु.ने महादेवाला तगरीची सात फुलं काढली. पानं उलटून बघत म्हणाली, "पुढच्या सोमवारी काही उरेल का?" मी लेन्स पुसत बसलो.
दुपारी वणीकडून वहिनींचा फोन. दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झाले! दोन वर्षं नाही म्हणत होते. काल गोठ्यात बादलीला अडखळून पडले, मग कबूल झाले. लगेच दवाखान्यात जाऊन दोन्ही तारखा घेऊन आलो. उजवा गुरुवारी, डावा ५ सप्टेंबरला. द्राक्षांच्या छाटणीआधी दोन्ही उरकायचे. बाग छाटली की दादा कुणाचे नाहीत.

६ ऑगस्ट, बुध.
दादा आले. पिशवीत गवार, वांगी, एक मोठं डांगर. अंगणात नेऊन तगर दाखवली. "हिरवं दिसतंय," म्हणाले. सध्या त्यांना कुंपणही हिरवं दिसतं आणि कचऱ्याची बादलीही.
वयात तेरा वर्षांचं अंतर. वडिलांच्या जागीच ते. त्यांना आपल्या घरात हात धरून चालवताना कसंतरीच झालं.

७ ऑगस्ट, गुरु.
ऑपरेशन वीस मिनिटं. मी बाहेर भिंतीवरची सगळी पत्रकं दोनदा वाचली. आत जाताना दादा एवढंच म्हणाले, "डोळा गेला तं बाग कोन बघंल रे?"
घाबरलो होतो. लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

८ ऑगस्ट, शुक्र.
पट्टी काढली. दादांनी काळा चष्मा लावायच्या आधी माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य: "सुऱ्या, लय म्हातारा झाला रे तू!" डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसलो. आरशाने हे इतके दिवस सांगितलं नव्हतं.
घरी आल्यावर कॅलेंडरवरची तिथी वाचली. समोरच्या गच्चीवर कपडे किती ते सांगितलं. मग वर बघून: "सुनंदा, त्या कोपऱ्यात जाळी झालीत बग." सु.चा चेहरा फोटो काढण्यासारखा.
पंधरा दिवस धूळ नको, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. म्हणून मुक्काम इथेच.

१० ऑगस्ट, रवि.
दादा तगरीजवळ गेले आणि थबकले.
"अळी हाय हिच्यावर."
"आहे ना. नऊ आहेत."
"मंग औषध मार."
"फोटो काढतोय मी त्यांचे."
"अळीचा फोटू? आमच्याकडं औषधाच्या दुकानात भिंतीवर लावलेला आसतो. खाली काय मारायचं ते लिव्हलेलं आसतं."
सु. आत जाऊन हसून आली.

१३ ऑगस्ट, बुध.
दिवस आता ठरून गेलाय. सहाला पहिला थेंब, फ्रिजवर तक्ता लावलाय, टाकला की बरोबरची खूण. मग दादा तगरीखाली गोणपाट अंथरून बसतात, मी कॅमेरा घेऊन. मधे चहा. मला हे दिवस आवडताहेत. नोकरीला लागल्यापासून दादांजवळ असा सलग बसलोच नव्हतो.
अळ्या आठ. पाच सेंमी. स्टील पट्टी लावली की मान आत ओढून घेतात आणि मानेवर दोन निळे डोळे उघडतात. कॅमेऱ्यात दाखवलं. दादांनी चष्म्याच्या कडेने पाहिलं.
"डोळे हायेत हिला."
"खोटे. पाखरांना भेवडवायला."
"सोंगाडी," म्हणाले. पण कॅमेरा लवकर परत दिला नाही.
दुपारी लिंबावर काळं मोठं फुलपाखरू, निळ्या पट्ट्याचं. नीलवंत. कॅमेरा घरात. नेहमीप्रमाणे.

१७ ऑगस्ट, रवि.
उरल्या सहा. त-४चा रंग फिरला, पाठ काळपट तपकिरी. खाणं बंद. आता खाली उतरणार, पाचोळ्यात शिरणार, कोष करणार. बाकी पाच अजून चरताहेत, सात सेंमी, एकेक माझ्या करंगळीएवढी. दोन दिवसांत त्याही खाली. जाळीचं खोकं तयार ठेवलंय. या वर्षी पाहुणे नाहीत, लग्न नाही, काही नाही.
झाडाचा मात्र खराटा झालाय. जेवताना सु. कुरकुरली: "उद्या शेवटचा सोमवार. झाडावर एक फूल नाही." दादा भाकरी मोडत होते.
उद्या ओझरला जुन्या सेक्शनमधल्यांचं जेवण. चारपर्यंत परत.

१८ ऑगस्ट, सोम.
चारला आलो. दादा फाटकाशीच उभे, काळा चष्मा, चेहरा इतका उजळलेला की मला वाटलं घरून चांगली बातमी आली.
"सुऱ्या, तुझं काम करून टाकलं. एक ठेवली नाय."
नळाजवळ बादली. साबणाचं पाणी. वर अळ्या.
सु. सकाळी देवळात गेली होती. दादा तेवढ्यात एकेक पान उलटून बघत होते. "औषध नाय मारलं, डोळ्यात जाईल म्हून. हातानंच वेचल्या. वाकलो बी नाय. आन दिसत होत्या रे! हिरव्यावर हिरवी, तरी दिसत होती. धा वर्षांत असं दिसलं नव्हतं मला."
नव्या डोळ्याने पहिलं काम त्यांनी माझ्यासाठी केलं. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा नाही कळलं.
मी म्हणालो, "दादा, मारण्यापलीकडे तुम्हाला दुसरं येतं काय? जन्मभर तेच केलंत."
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
ते गोणपाटावर जाऊन बसले. संध्याकाळचा थेंब मी टाकायला गेलो तर बाटली हातातून घेतली आणि स्वतः टाकला. अर्धा गालावर. जेवताना: "उद्या वणीच्या गाडीत बसव मला."

१९ ऑगस्ट, मंगळ.
गेले. पंधरा दिवस पुरे व्हायला अजून तीन बाकी होते. सु.ने विनवलं, नाही ऐकलं. थेंबांचा तक्ता फ्रिजवरून काढून त्यांच्या पिशवीत घातला, दवाखान्याची फाईलही.
स्टँडवर म्हणालो, "पाच तारखेला डावा आहे. आदल्या दिवशी घ्यायला येतो."
"नको. एक डोळा पुरे."
"दादा—"
"आता किती बघायचं राह्यलंय."
बस सुटली. खिडकीतून हात केला नाही. मी केला.

२० ऑगस्ट, बुध.
कॅमेरा हातात घेतला नाही.
दादांनी सातवीत शाळा सोडली. मला मात्र सायकलच्या नळीवर बसवून वणीच्या शाळेत सोडायचे, बोर्डाच्या परीक्षेला तीन तास चिंचेखाली थांबायचे. पेपर सुटला की विचारायचे, "आलं का लिहायला?" कसलं लिहायला ते त्यांना माहीत नव्हतं. आणि मी काल परवा त्यांना विचारलं, तुम्हाला दुसरं येतं काय.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.
वहिनींना फोन केला. "शेतात गेलेत." नव्या डोळ्याने, धुळीत. तीन दिवस आधी का परतले, तेही वहिनींनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरु.
सु. भांडी लावता लावता म्हणाली, "मी म्हणाले नसते फुलांचं, तर."
मी म्हणालो, तुझं काही नाही त्यात.
मग ती म्हणाली, "पाच होत्या."
"काय पाच?"
"बादलीत. मी ओतली ना. पाच. मोजल्या मी. तुमच्यासोबत राहून तीच खोड लागलीय."
एकतीस वर्षं इन्स्पेक्शन. आणि त्या दिवशी बादलीत किती होत्या ते मी मोजलं नाही! रविवारी झाडावर सहा होत्या. त-४ रात्रीतच खाली उतरली असणार, दादांच्या हाती लागलीच नाही.
संध्याकाळपर्यंत पाचोळा चाळला. कुंड्या सरकवल्या. कर्दळीच्या बुडाशी हात घातला, गोम निघाली. बाकी काही नाही.

२३ ऑगस्ट, शनि.
सापडली!
सगळीकडे बघून झालं होतं. उरलं होतं दादांचं गोणपाट. ते गेल्यापासून तगरीखाली तसंच चौघडी घालून पडलेलं. मी हात लावत नव्हतो, सु.ही. आज पावसाने भिजून वास यायला लागला म्हणून कड उचलली. खाली ओल्या पानांत विरळ धाग्यांची गुंडाळी आणि आत कोष. तपकिरी, कडेला ओळीने काळे ठिपके. साडेसहा सेंमी. बोट लावलं तर शेपूट हललं.
सु. म्हणाली, "देव तारी त्याला कोण मारी." मग, "दादांना कळवा."
खोक्यात पानांवर ठेवला. फोटो काढला, फक्त एक. वहिनींच्या मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं: तुमच्या गोणपाटाखाली होती. वाचली.
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२७ ऑगस्ट, बुध.
गणपती बसले. तगरीला तांबूस कोंब फुटलेत, पण फुलं बाजारातूनच.
वहिनींचा फोन, सणाचा. दादा बोलायला आले नाहीत. फोन ठेवता ठेवता वहिनी हळू आवाजात: "भाऊजी, तुमी काय धाडलं त्या दिवशी? दिवसातनं दोनदा मोबाइल मागत्यात आन बघत बसत्यात. मला म्हनत्यात, मोठं कर, अजून मोठं कर."
"डोळ्याचं काय म्हणतात?"
"नावच काढू देत नाय. म्हनत्यात, सुऱ्याला सांग, तारीख दुसऱ्या कोनाला दे म्हनावं."
तारीख रद्द केलेली नाही. करणार नाही.

३० ऑगस्ट, शनि.
कोष रोज दोनदा बघतो. बदल नाही. माश्या निघाल्या नाहीत, म्हणजे निम्मी भीती गेली.
सकाळी दिव्याखाली नवा पतंग, पांढरा, पंखांना सोनेरी किनार. फोटो काढले. पहिल्यांदाच वाटलं, हा दादांना दाखवावा. इतकी वर्षं वाटलं नव्हतं. त्यांना काय कळतंय, असंच मनात असणार माझ्या. तेच तोंडातून आलं.

२ सप्टेंबर, मंगळ.
वहिनींना म्हणालो, फोन त्यांच्या कानाला लावा, त्यांनी नको म्हटलं तरी. श्वास ऐकू आला.
"दादा, मी चुकलो. तसं बोलायला नको होतं."
मागे कुठे तरी म्हैस ओरडली.
मग: "तू बोलला ते काय खोटं नव्हतं. अळी मारली म्हून घर चाललं, सुऱ्या. सोडली आसती तं तू ओझरला नसता गेला."
मी फोन कानाशी आणखी दाबला.
"पर एक सांगतो तुला," ते म्हणाले. "सत्तर वर्षं अळीच बघितली. तिचं पुढं काय व्हतं ते कवा बघितलंच नाय. व्हऊच दिलं नाय ना."
"कसा दिसतो सांगू?"
"नको. हालली का ती?"
"हलते. बोट लावलं की."
"बोट लावू नको सारखं."
फोन वहिनींकडे. डोळ्याचं विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. जपून बोलायला शिकतोय, एकसष्टाव्या वर्षी.

४ सप्टेंबर, गुरु.
सकाळी ७.४०. कोष काळवंडलाय! पंखांच्या जागी आतून हिरवट गुलाबी नक्षी दिसते. आज बाहेर येणार. दिवे लागायच्या सुमाराला, किंवा जरा नंतर.
वहिनींना फोन. दादांनीच उचलला. सांगितलं.
"किती वाजता?"
"सांगता येत नाही. संध्याकाळी."
"थांबव तिला."
"दादा, ती माझं ऐकते होय!"
"फोटू धाडू नको. मी येतो. माझ्या डोळ्यानं बघायचंय."
फोन ठेवला आणि सु.ला दोनदा हाक मारली.

दु. २.१५. वहिनींचा फोन: अडीचच्या बसला बसवायला निघाल्यात. मग तेच हळू बोलणं: "भाऊजी, पिशवीत दवाखान्याची फाईल टाकलीय त्यांनी. मला न सांगता. मी बघितलंच नाय आसं दाखवलं. तुमी बी काय इचारू नका."
विचारणार नाही. उद्या सकाळी नऊची वेळ आहे. दवाखान्यात फोन करून पुन्हा खात्री केली. दोनदा.

५.३०. ट्रायपॉड लावला. खोक्याची जाळी काढली. आत एक काटकी उभी केली, चढून लटकायला. फ्लॅश तपासला. बॅटरी पूर्ण. चार वर्षांत इतकी तयारी कधी नव्हती. सु. म्हणते, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. वहिनींचा फोन: बसच उशिरा सुटली. त्यात गणपतीची गर्दी, म्हसरूळला अडकली असणार.

६.१०. कोष दर दोन मिनिटांनी वळवळतोय. डोक्याकडची बाजू मऊ दिसते. डोळा कॅमेऱ्याला लावून बसलोय, वही मांडीवर.

६.२५. अनोळखी नंबर. दादा, कुणाचा तरी मोबाइल मागून. "नाक्यावर उतरलो. गाड्या लय हायेत. एका डोळ्यानं अंदाज येत नाय, रस्ता वलांडायचा. घ्यायला ये."
दादांनी मला 'ये' म्हटल्याचं आठवत नाही. नेहमी तेच यायचे.
दिंडोरी नाका स्कूटरवर दहा मिनिटं, या गर्दीत पंधरा. यायला तेवढीच.

६.२७. कोषाची पाठ तडकली. बारीक आवाज आला, मी ऐकला. आतून ओलं काहीतरी ढकलतंय.
सु. बघतेय माझ्याकडे. "जाता का?" म्हणाली.
कॅमेरा तिच्या स्वाधीन केला. बटण दाखवलं. ती म्हणाली, नको मला, मी नुसतं बघते. बरं, म्हटलं, नुसतं बघ. पंख सुकायला वेळ लागतो, लगेच उडत नाही सहसा. सहसा.
खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. दादांचं गोणपाट परवा धुवून वाळवलंय, ते खोक्याजवळ अंथरायला सांगितलं.
निघतो.